धोका क्रमांक तीन: गॅलरीतली चप्पल

२ मार्च
जावक क्रमांक १
विषय: घराची सुरक्षा तपासणी

अगं,

तू गेल्याला आज चार दिवस झाले. फोनवर आपलं जमत नाही. तू बोलतेस, मी "काय?" म्हणतो, तू तेच ओरडून सांगतेस आणि मग मी ओरडतेस का म्हणून विचारतो. त्यापेक्षा लेखी बरं. लेखी असलं की नंतर कुणाला नाकारता येत नाही.

तुझ्या ताईंच्या खुब्याची काळजी घे, इकडची करू नकोस. बॉयलरच्या कारखान्यांची सुरक्षा तपासणी मी चौतीस वर्षं केली. एकेका कारखान्यात चारशे माणसं, आणि माझ्या अखत्यारीत कुणाचं बोटसुद्धा तुटलं नाही. अडीच फुटांची एक नात दोन महिने सांभाळायला काय लागतं, असं मी लेकीला तुझ्यादेखतच विचारलं होतं. तिने पाळणाघराचा अर्ज तेवढा टेबलाच्या खणात ठेवला. म्हणाली, "काही झालं की भरते." खरं तर "काही झालं तर" म्हणायला हवं होतं. आपली लेक भूल देणारी डॉक्टर, धिप्पाड माणसांना मिनिटभरात झोपवते, पण स्वतःच्या सव्वादोन वर्षांच्या भिंगरीला दुपारी झोपवणं तिला आजवर जमलेलं नाही. जावई महिनाभर परगावी पुलाच्या कामावर आहे. तो सुटला.

कालच मी घराची रीतसर तपासणी केली. एकूण एकेचाळीस धोके सापडले. छत्तीस वर्षं तू हे घर कसं चालवलंस, देव जाणे. नमुन्यादाखल सांगतो. धोका क्रमांक तीन: गॅलरीच्या दारात कायम पडलेली एक जुनी रबरी चप्पल. जोडीतली दुसरी कुठेच नाही. अडखळून पडण्याचा संभव असल्याने ती टाकून दिली. धोका क्रमांक अकरा: ओट्याखालच्या कप्प्यातली भांडी, लहान मुलाच्या हाताला सहज लागणारी. ती माळ्यावर हलवली. बाकी ठिकाणी लाल पाट्या लावल्या आहेत.

भिंगरीला वाचता येत नाही, असं लेकीने निदर्शनास आणलं. पाट्या मोठ्यांसाठी आहेत.

तुझा,
तपासनीस (निवृत्त)

७ मार्च

अहो,

पत्र मिळालं. ताईला वाचून दाखवलं. हसताना तिचा खुबा दुखतो, म्हणून पुढचं जरा बेताने लिहा.

ओट्याखालची भांडी भिंगरीसाठीच ठेवलेली आहेत. ती भांडी बाहेर काढते, एकात एक घालते, पुन्हा काढते. तेवढ्यात माझी भाजी चिरून होते. तुम्ही ती माळ्यावर ठेवलीत, आता ती दुसरं काहीतरी काढेल. काय काढेल ते मी सांगू शकत नाही, तिचं तिलाच आयत्या वेळी सुचतं.

आणि गॅलरीतली चप्पल होती तिथे परत ठेवा. कारण लिहीत नाही. कारण लिहिलं की तुम्ही त्यावर चर्चा करता.

एक लक्षात ठेवा. ती बडबडत असते, आपटत असते, तोवर काळजी नाही. घर शांत झालं की हातातलं टाकून उठायचं.

ताईचं बरं आहे. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल.

तुमची

१४ मार्च
जावक क्रमांक २
विषय: किरकोळ घटना व एक मोठं यश
संदर्भ: तुझं पत्र

अगं,

तुझा अंदाज बरोबर आला, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. मंगळवारी सकाळी सुमारे दोन किलो पीठ डब्यातून जमिनीवर स्थलांतरित झालं. सदर प्रसंगी मी शेजारच्या खोलीत लाल पाट्यांची यादी करत होतो. गुरुवारी बुटांचं काळं पॉलिश बाहेर पडलं. नुकसान विशेष नाही. माझं श्रवणयंत्र दुरुस्तीला दिलं आहे. भिंगरीने ते कुंडीत पुरून त्याला पाणी घातलं होतं. दुकानदार म्हणाला, तीस वर्षांत अशी तक्रार पहिलीच.

घर शांत झालं की उठायचं, या तुझ्या सूचनेत अडचण अशी की यंत्राविना माझ्यासाठी घर कायमच शांत असतं.

चप्पल मात्र परत ठेवलेली नाही. कारण न देता केलेली सूचना मी नोकरीत कधी स्वीकारली नाही, घरात कशी स्वीकारणार?

आता यश. मी भिंगरीसाठी सुरक्षा कवायत सुरू केली आहे. शिट्टी वाजली की तिने जिथे असेल तिथून धावत येऊन जेवणाच्या टेबलाखाली बसायचं. फ्रिजवर पितळी घंटा ठेवली आहे. ती वाजेपर्यंत हलायचं नाही. कारखान्यात हे अंगवळणी पडायला सहा महिने लागले होते, आणि तरी फिटर लोक विडी संपवूनच यायचे. ही पोर चार दिवसांत शिकली. काल शिट्टी वाजवून मी मुद्दाम अंघोळीला गेलो. बाहेर आलो तर बाई टेबलाखाली गुडघ्यांवर हात ठेवून बसलेल्या. छत्तीस वर्षांत या घरात माझं कुणी इतकं ऐकलेलं नाही.

तुझी सेवा फार दगदगीची असणार. ताईंना व्यायाम शिस्तीत करायला लाव. आळस करू देऊ नकोस.

तुझा

२० मार्च

अहो,

काल लेकीचा फोन होता. स्वयंपाकघराची भिंत कमरेपर्यंत काळी आहे म्हणाली. तुमच्या पत्रात पॉलिश आहे, भिंत नाही. "नुकसान विशेष नाही" हे कारखानदार तुम्हाला लिहून द्यायचे, तेव्हा तुम्ही त्यांच्यावर किती चिडायचात, आठवतं ना?

कवायतीचं वाचून मला हसावं की काय करावं कळेना. पोरीला तो खेळ वाटतो. खेळ आहे तोवर ती करेल.

मला आणखी दोनतीन आठवडे लागतील. ताईला व्यायामाला पाण्यात घेऊन जावं लागतं, एकटीला सोडता येत नाही.

चप्पल ठेवा हो.

तुमची

३० मार्च
जावक क्रमांक ३
विषय: नाही

अगं,

तुझं पत्र मिळालं. इकडे सर्व ठीक. हवा चांगली आहे. भिंगरी खाते, खेळते. या पंधरवड्यात नोंद घेण्यासारखं काही घडलं नाही.

दाराचं कुलूप नवीन बसवलं आहे. जुनं जुनंच झालं होतं.

जाता जाता एक. ती गॅलरीतली चप्पल तू कुठल्या दुकानातून आणली होतीस? तशी दुसरी मिळेल का?

तुझा

४ एप्रिल

अहो,

दहा ओळी. मी दोनदा मोजल्या. तुम्ही नळ दुरुस्त करणाऱ्याला चिठ्ठी लिहिता तीसुद्धा दोन पानी असते.

लेकीला फोन केला तर ती म्हणते, "बाबांनाच विचार." आणि म्हणते की अर्ज भरला, पंधरा तारखेपासून पोरगी पाळणाघरात. आवाज तिच्या तापल्या वेळचा होता. तुम्हाला ठाऊक आहे तो, फार हळू आणि फार स्वच्छ.

पोरगी धडधाकट आहे एवढं तिने सांगितलं, म्हणून मी गाडीत बसले नाही. काय झालं ते लिहा. हवेबद्दल नको.

तुमची

९ एप्रिल

अगं,

जावक क्रमांक घालत नाही. या पत्राची नक्कल मी ठेवणार नाही.

चोवीस तारखेची गोष्ट. लेक पोरीला माझ्याकडे सोडून कामावर गेलेली. सकाळचे साडेदहा. मी गॅसवर दूध ठेवलं, मंद आचेवर, आणि ते तापेपर्यंत गॅलरीच्या कठड्याचे स्क्रू तपासून घ्यावेत म्हणून बाहेर गेलो. धोका क्रमांक सव्वीस. अंगात बनियन, कमरेला टॉवेल. मागे दार लोटलं गेलं आणि खालची कडी लागली. काचेपलीकडे भिंगरी उभी होती, कडीवर हात, आणि अगदी खूश.

आता कळलं तुझी चप्पल तिथे कशाला होती. चप्पल असली की दार मिटतच नाही, आणि मिटलं नाही की कडी लागत नाही. तू हे एका ओळीत लिहिलं असतंस तर मी चर्चा केली असती आणि चप्पल तरीही टाकून दिलीच असती, हेही कळलं.

मी तिला सांगून पाहिलं, कडी वर कर. तिने मला हात हलवून टाटा केला. मी आवाज चढवला. ती काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही. समोरच्या गॅलरीत शिंपीबुवा मशीनवर बसतात ना, त्यांनी काम थांबवलं आणि रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सल्ला सुरू केला. "तिला चॉकलेट दाखवा." टॉवेलात चॉकलेट कुठून आणू? खाली चार माणसं जमली. दुधाचा विचार डोक्यात येत होता.

मग मी आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. गळ्यात शिट्टी होती. तिचं लक्ष वेधावं म्हणून जोरात वाजवली.

ती वळली आणि धावत जाऊन टेबलाखाली बसली.

घंटा फ्रिजवर. फ्रिज आत. मी बाहेर. मी काच बडवली, हाका मारल्या, नाच करून दाखवला, शिंपीबुवांच्या म्हणण्यावरून मांजराचा आवाजही काढला. पोर हलली नाही. मी जसं शिकवलं होतं तसं, गुडघ्यांवर हात ठेवून, घंटेची वाट बघत. मधेमधे माझ्याकडे बघायची, बरोबर करतेय ना, म्हणून. ऊतू गेलेलं दूध आटून भांडं जळायला लागलं. धूर मला काचेतून दिसत होता. आत टेबलाखाली ती, बाहेर मी, आणि मधे एक बोटभर कडी.

चाळीस मिनिटं. शिंपीबुवांनी अग्निशामक दलाला फोन केला होता. त्यांनी पुढच्या दाराचं कुलूप तोडून आधी गॅस बंद केला, मग गॅलरी उघडली. त्यांचा अधिकारी मला बघून थबकला आणि सलाम करता करता राहिला. "साहेब, तुम्ही? तुमचं व्याख्यान आम्ही प्रशिक्षणात ऐकलं होतं." विषय विचारला नाही. मला आठवतो. 'घरातील दुर्लक्षित धोके'.

भिंगरी त्या सगळ्या बुटांच्या गराड्यातही बाहेर येईना. शेवटी मी टॉवेल सावरत फ्रिजपाशी गेलो आणि घंटा वाजवली. मग आली. अधिकारी म्हणाला, पोरगी टेबलाखाली राहिली म्हणून बरं, नाहीतर त्या भांड्यापाशी गेली असती. आता तूच सांग, माझ्या कवायतीने तिला अडकवलं की वाचवलं? मी पंधरा दिवस हाच हिशेब करतोय आणि रोज उत्तर वेगळं येतं.

लेक आली तेव्हा घरात जळका वास होता. तिने पोरीला नखशिखान्त तपासलं, कडेवर घेतलं आणि मला विचारलं, "बाबा, लक्ष कुठं होतं तुमचं?" ओरडली नाही, ओठांवरून कळलं. चौतीस वर्षं मी लोकांना जाब विचारला, एकदाही कुणी असा प्रश्न मला विचारला नव्हता. फार वाईट प्रश्न आहे गं तो. स्क्रूंकडे होतं म्हणून सांगू?

तू ये. अर्ज परत घ्यायला लेकीला तूच सांगू शकशील.

तुझा

१५ एप्रिल

अहो,

तुमचं पत्र मी एकटीने वाचलं. ताईला दाखवलं नाही.

मीही काही लपवलं आहे, ते आधी सांगते. ताई मार्चच्या मध्यापासून काठी घेऊन चालते. माझी तिला गरज नाही. पाण्यात व्यायामाला तिला घेऊन जायचे ते खरं, पण तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी मलाही उतरवलं. मी बासष्टाव्या वर्षी तरंगायला शिकले. पाठीवर पडून राहायचं, हात सोडून. कानात पाणी असतं, कुणाची हाक ऐकू येत नाही. मी तुम्हाला "दोनतीन आठवडे लागतील" लिहिलं ते त्यासाठी. दुपारी झोपतेसुद्धा. तुम्ही मला दगदग होते म्हणून लिहिलंत तेव्हा मी नुकतीच झोपून उठले होते.

पण तुमच्या पत्राच्या शेवटाने माझी झोप उडाली. असा प्रश्न तुम्हाला कुणी विचारला नव्हता, बरोबर. तुम्ही विचारला होता. मला. एकतीस वर्षांपूर्वी, हॉस्पिटलच्या बाकासमोर उभं राहून, तुमच्या आईंच्या आणि नर्सच्या देखत. आपली लेक दोन वर्षांची होती. तिने इस्त्रीची वायर ओढली होती आणि तिचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. तुम्ही म्हणालात, "लक्ष कुठं होतं तुझं?" शब्द हेच. लेकीने ते कुठून उचलले असतील, याचा विचार करा.

मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. तेव्हा मी उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतं म्हणून नाही.

लेकीला मी काहीही सांगणार नाही. अर्ज तिचा, पोरगी तिची.

तुमची

२१ एप्रिल

अगं,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. पहिली तीन फार चांगली होती, म्हणून फाडली.

त्या दिवशी इस्त्री मी लावली होती. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांसमोर जायचं होतं, शर्ट कडक हवा होता. अर्धा शर्ट झाला आणि खालून पेपर आला. मी इस्त्री तशीच उभी करून पलीकडच्या खुर्चीत जाऊन पेपर उघडला. पोर माझ्यापासून दोन हातांवर होती. मी पान उलटलं तेव्हा ती रडली.

तू धावत आलीस, हात ओले होते. आईने विचारलं, इस्त्री कुणी चालू ठेवली, आणि मी गप्प बसलो. तू बोलली नाहीस. मला वाटलं, तुला माहीत नाही. मग हॉस्पिटलात सगळे तुझ्याकडेच बघत होते, तर मीही बघितलं आणि तो प्रश्न विचारला. नंतर तो इतक्या वेळा आठवला की मला खरंच वाटायला लागलं, इस्त्री तूच लावली असणार. दुसऱ्यांच्या अहवालातली खाडाखोड मी लांबून ओळखायचो. स्वतःच्या अहवालाचं हे असं.

मला तुझी माफी मागायची आहे. मागतो. एकतीस वर्षं उशीर झाला आणि तोही फक्त गॅलरीत कोंडला गेलो म्हणून.

तुझा

२६ एप्रिल

अहो,

मला माहीत होतं.

शर्ट तुमचा होता आणि कॉलर झाली होती. तुम्ही कॉलरपासून सुरू करता, मी बाह्यांपासून. हॉस्पिटलातून आल्यावर तो शर्ट मीच उचलला. बाह्या चुरगळलेल्या, कॉलर कडक. मला वाटलं होतं, आज नाही तर उद्या तुम्हीच सांगाल. मग वाट बघायची सवय झाली. भांडून घ्यायला हवं होतं, ते केलं नाही. तेवढी चूक माझी.

माफी मला पोचली. पण तिचा पत्ता अर्धाच बरोबर आहे. लेकीला आजवर वाटतं, इस्त्री आई विसरली. ती कधी बोलली नाही, पण तिची पोर झाल्यापासून मी तिच्या घरी गेले की ती माझ्या मागोमाग येऊन प्लग बघते. मला दिसतं ते.

आधी तिला सांगा. तोंडाने सांगा, पत्र लिहू नका. तिने तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणू द्या. मग मी येण्याचं बघते. मला घाई नाही. इथे आता पोटावर पोहायला शिकवणार आहेत.

तुमची

२ मे

अगं,

आज सकाळी लेक घरी आली, तेव्हा सांगितलं. चहा होईपर्यंत धीर झाला नाही, चहानंतर सांगितलं. यंत्र दुरुस्त होऊन आलं आहे, ते कानात घातलं होतं. जे बोलेल ते पूर्ण ऐकू यावं म्हणून.

ती बाही वर करून हाताकडे बघत बसली. मग म्हणाली, "आईला फोन लावून द्या."

लावून दिला. तुम्ही दोघी पाऊण तास बोललात. ती दार लावून आत बसली होती, एकदा हसल्यासारखं वाटलं, एकदा रडल्यासारखं. नक्की काय ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, पाळणाघर दुपारपर्यंतच ठेवते, त्यानंतर तुम्ही बघा. आणि म्हणाली, आई शनिवारी दुपारच्या गाडीने येतेय, आणायला मीच जाते.

मलाही यायचं होतं. पण शनिवारी दुपारी भिंगरीपाशी मी थांबणार आहे. तू येशील तेव्हा मी दार उघडायला उठलो नाही तर रागावू नकोस. मी तिच्याजवळ बसलेला असेन.

तुझा